कोरडं पवणं

तुझ्या शोकसभेत मी तुला दीर्घायुष्य चिंतलं. शाळेच्या ओट्यावर, सगळ्या गावासमोर, आणि माईक नव्हता म्हणून जरा जास्तच मोठ्या आवाजात.

इस्माईल, तू असतास तर गुडघ्यावर थाप मारून हसला असतास आणि पुढं वर्षभर मला त्यावरून छळलं असतंस. पण यात माझा दोष अर्धाच. या गावात निरोपसमारंभ म्हटला की मी, सत्कार म्हटला की मी. बदली झालेले हेडमास्तर, निवृत्त झालेला पोस्टमन, बढती मिळालेला ग्रामसेवक, सगळ्यांचा शेवट मी एकाच वाक्यानं करत आलोय. ते वाक्य तुलाही पाठ होतं. मागं बसून तू ते माझ्याआधी ओठांतल्या ओठांत म्हणायचास: 'त्यांचं पुढील आयुष्य सुखाचं, आरोग्याचं जावो, त्यांना दीर्घायुष्य लाभो, एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.' माझी जीभ म्हणजे गाडीचा म्हातारा बैल. गाडीवान झोपला तरी ती ठरल्या दारातच जाऊन उभी राहणार.

'संपवतो' म्हटल्याबरोबर पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आपणच शिकवलंय तसं. मग मोठी माणसं हसली, आधी उपरण्याआड, मग उघड. तुझा फोटो शाळेच्या ग्रुप फोटोतून मोठा करून आणलेला होता. त्यात तुझे डोळे मिटलेले. ऐन वेळी डोळे मिटायची तुझी खोडच. त्यामुळं तेवढा प्रसंग तुला बघावा लागला नाही.

हसले त्याचं मला काही नाही. गावाला हसवून पोट भरलेला माणूस मी. पण त्या दिवशी मी उभा राहिलो होतो काही मागायला. तू पोरांना दिलेला शब्द गावानं पाळावा, एवढंच. आप्पा पाटील अगदी समोर बसले होते, डोळे ओले करून. माझ्याआधी तेच बोलले होते. म्हणाले, "इस्माईल मास्तरांनी कधी जातपात मानली न्हाई. असा मानूस पुन्हा होनार न्हाई." खोटं बोलत नव्हते रे. मनापासून बोलत होते, तेच तर वाईट. मी ठरवलं होतं की त्यांच्या त्या वाक्याला धरूनच मागायचं. पण तुझ्या फोटोकडं नजर गेली, मधलं सगळं विसरलो, आणि जीभ थेट शेवटाला जाऊन उभी राहिली. लोक हसल्यावर काय मागणार? भिकाऱ्यालासुद्धा आधी रडता यावं लागतं.

तुझ्यामाझ्या भांडणाला किती उन्हाळे झाले? सुट्टीत पोरांचं करायचं काय, यावरून. मी मारुतीच्या ओट्यावर सकाळचा वर्ग घ्यायचो. पावकी, निमकी, शुद्धलेखन. तू आप्पांच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर पोरांना पोहायला शिकवायचास. माझ्या वर्गातून करंगळी दाखवून गेलेलं पोर परत यायचं नाही. थोड्या वेळानं मळ्याकडून धप्प आवाज यायचा, म्हणजे ते पोहोचलं म्हणायचं.

तू म्हणायचास, "वसंता, पोराचं अंग शिकलं की डोकं आपोआप मागून येतं."

मी म्हणायचो, "म्हशीचं अंग जन्मापासून पोहतंय. डोकं अजून वाटेतच आहे."

"तुझ्या पाढ्यांनी पोरं सुट्टीला भ्यायला लागलीत."

"आणि तुझ्या विहिरीनं शाळेला."

मला स्वतःला पोहता येत नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ते तू गावात फोडलं नाहीस. भांडणात एवढं हत्यार हातात असून वापरलं नाहीस, याचा मला त्या वेळी रागच यायचा. समोरचा माणूस सभ्य निघाला की भांडणात मजा राहत नाही.

पण एक गोष्ट तूही वर्षानुवर्षं चालवून घेतलीस. आज तू उलट बोलू शकत नाहीस म्हणून नव्हे, तू होतास तेव्हाही मी म्हटलं होतं. बौद्धवाड्यातली पोरं माझ्या ओट्यावर येत, जरा कडेला बसत, पण पाढे तेच म्हणत. तुझ्या विहिरीवर मात्र ती काठावर बसत. कपडे राखायला. मारुतीची रोजची घागर त्या विहिरीची जाते, विहीर आप्पांची, शब्द आप्पांचा. तू म्हणायचास, "आज येवढं, उद्या बघू." आणि त्यांतलीच कमल, जिला माझ्या वर्गात निमकी सगळ्यांत आधी पाठ झाली, ती तुझ्या काठावर बसून सगळ्यांच्या चड्ड्यांवर दगड ठेवायची, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. एका उन्हाळ्याच्या शेवटी तिनं तुला विचारलं, "मास्तर, आमी दरसाली कापडंच राखायची का?" तू मला हे सांगितलंस तेव्हा तुझ्या हातातला चहा निवला होता. तू निवलेला चहा पीत नाहीस. त्या दिवशी प्यालास.

मग बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. संक्रांतीला विहिरीचा तळ दिसला. गावातली निम्मी माणसं तिसगावच्या रस्त्यावर खडी फोडायला, घरात रेशनच्या मिलोच्या लाल भाकरी, आणि पोरं आईबापांच्या मागं कामावर. तिथं खायला सुकडी मिळते म्हणून बारकी जायची, आणि हाताला चिंध्या बांधून थोरली हातोडी घ्यायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि मी, मूर्ख, मनातून खूश झालो. विहीर आटली, आता पोरं माझीच. दुष्काळात खूश होणारे दोनच, एक साठेबाज आणि एक मी.

तू आप्पांकडं गेलास. मी सोबत होतो, म्हणून शब्दन् शब्द आठवतो.

"आप्पा, विहीर कोरडी हाय तोवर गाळ काढून घ्या."

"मानसं कुठनं आनू, मास्तर? सगळी खडीवर."

"पोरं काढतील. सुट्टी हाय. हसतखेळत काढतील. पन सगळी पोरं लागतील आप्पा. खालची, वरची, सगळी."

आप्पांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. "लावा की. गाळाला कसला आलाय इटाळ?"

बाहेर आल्यावर तू माझा हात इतका दाबलास की घड्याळाचा पट्टा तुटला. म्हणालास, "ऐकलंस? पाण्याला विटाळ हाय, गाळाला न्हाई. वसंता, आपल्याला दार उघडं सापडलं."

मी म्हटलं, "ते दार नव्हे, उंदराचं बीळ आहे."

"बिळातनं का होईना, आत तर जाऊ."

आणि पोरं उतरली. पायऱ्यांवर रांग लावून गाळाच्या पाट्या या हातातून त्या हातात, आप्पांचा नातू बाळ्या कमलच्या हातून पाटी घेतोय आणि तिच्या भावाकडं देतोय, आणि वर उभे आप्पा म्हणताहेत, "शाब्बास रे पठ्ठ्यांनो." काळाभोर गाळ आप्पांच्या वावरात पसरला गेला. यंदा त्यांची बाजरी बघ. म्हणजे, तू बघणार नाहीस. मी बघतो रोज. माणूसभर उंच आहे.

गाळ काढून झाला की तुझं खरं सुरू व्हायचं. तळाशी भुशाची पोती टाकून त्यावर पोरांना पालथं घालायचास. "हात मारा! पाय मारा! मान वर! श्वास सोड की गधड्या!" विहिरीत पाण्याचा थेंब नाही आणि पोरं पोहताहेत. सबंध गावात तेवढीच एक थंड जागा होती. वर लू वाहत असायची, खाली तू पोरांना भिंतीवरचे थर दाखवायचास: ही माती, हा मुरूम, हा मांजऱ्या, हा काळा पाषाण. राहिलेल्या गाळाची अक्षरं करून पायरीवर वाळत घालायचास. कामावर हातोडी धरणारी थोरली पोरंसुद्धा दुपारच्या सुट्टीत विहिरीकडं पळत यायची.

आणि मी पारावर बसून विनोद करत होतो. न्हावी माझी दाढी करत होता, आप्पा होते, चारदोन रिकामी माणसं होती. कुणीतरी विचारलं, "गुरुजी, तुमच्या दोस्ताचं काय चाललंय ते?" मी म्हटलं, "इस्माईल मास्तरांची कोरडी पलटण. कोरडं पवण्यासारखं सुख नाही बाबांनो. बुडायचं भ्या नाही, भिजायचं भ्या नाही, बाटायचं भ्या नाही!"

पार हसून लोळला. आप्पांना तर ठसका लागला. न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला, माझा गळा कापू नये म्हणून. कापला असता तर बरं झालं असतं, असं हल्ली वाटतं.

संध्याकाळी तू घरी आलास. बसला नाहीस.

"वसंता, तिसरं कशाला म्हणालास?"

"कोणतं तिसरं?"

"बाटायचं."

"अरे, लोक हसले."

"म्हणूनच विचारतो."

एवढं बोलून गेलास. त्यानंतर आपलं बोलणं बंद. शाळेला सुट्टी, त्यामुळं समोरासमोर यायचीही गरज नाही. मी ओट्यावर एकटा, पावकी निमकी जाणणारा एकमेव विद्यार्थी, मी स्वतः.

मग तूच कमलला पाठवलंस. ती दारात येऊन म्हणाली, "गुरुजी, मास्तरांनी बोलावलंय. इहिरीला पाढे शिकवायचेत." मी म्हटलं, "विहिरीला?" ती म्हणाली, "व्हय. ती मागनं म्हनती."

मी उतरलो, इस्माईल. कसा उतरलो ते तू पाहिलंस. प्रत्येक पायरीवर बसून, रांगत्या पोरासारखा, धोतर सावरत. पोरं खालून ओरडत होती, "गुरुजी, हात मारा! पाय मारा!" तळाशी पोहोचलो तेव्हा तू मला हाताला धरून पोत्यावर बसवलंस. मी म्हटलं, "बे एके बे." विहीर म्हणाली, "बे एके बे." पोरं किंचाळली. मग सगळ्यांनी मिळून निमकी म्हटली आणि ती काळ्या पाषाणातून फिरून परत आमच्या अंगावर आली. आयुष्यभर पाढे घोकून घेतले मी, पण पाढे मला उलटून कधी कुणी म्हटले नव्हते. पहिल्यांदा वाटलं की हे गाणं आहे. मी वर बघितलं तर वर वाटोळं आभाळ, आणि शेजारी तू, गाळानं काळा झालेला, मिशांना भुसा चिकटलेला, हसतोयस.

एवढ्यासाठी मी तुझा ऋणी आहे. बाकी सगळ्यासाठी नाही.

कारण सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तू ते बोललास. पोरं वर्तुळ करून बसली होती. तू म्हणालास, "आता पाणी आलं, निवळलं, की सगळ्यांनी उडी मारायची. सगळ्यांनी."

कमल म्हणाली, "आमी बी?"

"तूच पहिली."

मी तुला हात धरून कोपऱ्यात ओढलं. विहिरीला कोपरा नसतो, पण मी ओढलं. "शुद्धीवर आहेस का? पाणी आल्यावर काय करणार?"

"पाणी आल्यावर बघू."

"पाणी आल्यावर आप्पा बघतील. पाण्यावाचून पोहायला शिकवलंस तिथवर गंमत होती. आता ही फसवणूक आहे. पोरीला तोंडघशी पाडशील."

"मग तू काय करनार? पुढचा सबंध जनम तिला कापडं राखायला सांगनार?"

"मी काहीच सांगणार नाही. म्हणून मी चुकतही नाही."

तू माझ्याकडं असं बघितलंस, की... जाऊ दे. ते भांडण तिथंच राहिलंय. तू वर चढलास, आणि मला चढवायला पोरांनी मागून ढकललं.

आणि तुझे ते भोपळे! तुझ्या दारातला वेल साऱ्या दुष्काळात हिरवा कसा, याचं गावाला कोडं. पाचही नमाजांआधी हातपाय धुतल्याचं, वजूचं पाणी तू त्याच्या बुडाशी सोडायचास. वेल छपरावर चढला, भोपळे धरले, आणि तू एकही तोडेनास. मी तुला कंजूष म्हटलं, लोकांना म्हणायला लावलं. शेवटी न राहवून मी एक चोरला. आमच्या घरी कैक दिवसांनी हिरवी भाजी शिजली. पहिला घास घेतला आणि सबंध कुटुंब अंगणात थुंकत उभं राहिलं. कडू जहर! तुला कळलं तेव्हा म्हणालास, "अरे येड्या, कडू भोपळा खायला नसतो, पाठीला बांधायला असतो. वाळवतोय पोरांसाठी. एकाचं पोहणं तू खाल्लंस." बायको अजून मला वाढताना विचारते, "चोरीचं नाही ना?"

यंदा पाऊस झाला. विहीर भरली. पाणी गढूळ होतं, निवळायची तू वाट बघत होतास. रोज सकाळी जाऊन वाकून बघायचास, दुधावरची साय बघावी तसा. आणि एका सकाळी नगरला निघालास, भाभींची औषधं आणायला. एसटीत खिडकीशी बसलास. तू एसटीत बसलास की झोपतोस, सगळ्या कंडक्टरांना माहीत. त्यामुळं कुणी हलवलं नाही. नगरच्या माळीवाडा स्टँडवर गाडी रिकामी झाली तेव्हा कंडक्टरनं हलवलं. डॉक्टर म्हणाले, करंजीच्या घाटाच्या आसपास कधीतरी. शेजारचा माणूस म्हणाला, त्यांची मान माझ्या खांद्यावर होती, मी म्हटलं झोपू द्यावं मास्तरांना.

चांगली आहे युक्ती. शब्द द्यायचा आपण, आणि पाणी निवळायच्या आत झोपून जायचं. मागं ठेवायचं कुणाला? ज्याला पोहता येत नाही त्याला.

शोकसभेनंतर मी भाभींना भेटायला गेलो. रशीदाभाभी पडद्याआडून बोलल्या. मला वाटलं त्यांच्यापर्यंत माझं भाषण गेलं नसेल. पहिलंच वाक्य आलं, "भाऊजी, तुम्ही त्यांना आयुष्य दिलं म्हणे."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"द्यायचंच होतं तर जरा आधी द्यायचं."

मग पडद्यामागं हसण्याचा आवाज आला, आणि तो मधेच बदलला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ते माळ्यावरचे भोपळे घेऊन जा. वाऱ्यानं एकमेकांवर आपटतात. मला वाटतं हे आले, दार वाजवतात." मी ते सगळे दोरीत ओवून खांद्यावर घेतले आणि गावातून घरी आलो. इतकं हास्यास्पद कुणी कधी दिसलं नसेल. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

रविवारी सकाळी पोरं दारात. सगळी. वरची, खालची. "गुरुजी, चला. पाणी निवळलंय." मी म्हटलं, आज ऊन आहे. म्हणाली, ऊन पाहिजेच. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. कमल म्हणाली, "मास्तरांचं बी दुखायचं, तरी यायचे." भोपळे तिनंच वाटले. प्रत्येकाच्या पाठीला बांधले, गाठ ओढून बघितली.

आप्पा विहिरीच्या काठावर मोटेच्या थारोळ्यावर बसलेले होते. त्यांना कळलंच होतं. दहाबारा माणसं मागं उभी. आप्पा रागावलेले नव्हते. अगदी मायेनं बोलले.

"या गुरुजी. आपली पोरं न्या खाली. बाकीच्यांनी बसावं वर, न्हेमीसारखं. कापडं राखाया कुनीतरी लागतंच की."

"आप्पा, गाळ यांनी काढलाय."

"काढला की. लई चांगला काढला. म्या गूळ वाटला हुता न्हवं?"

"मास्तरांनी शब्द दिला होता."

"मास्तर गेले. देवमानूस हुते." आप्पांनी खरंच हात जोडले. मग त्यांच्या डोळ्यांत जुनं हसू आलं. "आन् गुरुजी, तुमचंच बोलनं हाय. बुडायचं भ्या न्हाई, भिजायचं भ्या न्हाई, बाटायचं भ्या न्हाई! आजून आठवलं की हसू येतंय. तवा ह्यांचं आपलं कोरडंच बरं."

मागची माणसं हसली. तीच माणसं, तोच विनोद. मी केलेल्या विनोदाला लोक दुसऱ्यांदा हसले ते असे.

मी कमलकडं बघितलं नाही. बघायला हवं होतं, बघितलं नाही. सगळ्या जन्मात मला उत्तर सुचलं नाही असं झालेलं नाही, आणि त्या वेळी मला स्वतःलाच उत्तर द्यायचं होतं. तू असतास तर काय केलं असतंस, कोण जाणे. मी जे ठरवलं ते ऐक: मी घरी जायचं ठरवलं. खालच्या पायरीवर बाळ्या आणि त्याच्यासारखी चारपाच पोरं आधीच उतरून उभी होती. त्यांना वर बोलवायचं, 'आज कुणीच पोहायचं नाही' म्हणायचं, आणि सगळ्यांना सारखंच कोरडं घेऊन परतायचं. ही माझी समता. कुणाला काहीच मिळू नये, म्हणजे अन्याय होत नाही.

तेवढ्यासाठी मी पायऱ्या उतरलो. या खेपेला बसून नाही, उभ्यानं. काठावर आप्पा बघत होते, त्यांच्यासमोर बसून कसं उतरणार? पाण्यालगतच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं. धोतराचा सोगा पायात आला आणि मी गेलो.

बौद्धवाड्यात हल्ली काय म्हणतात माहीत आहे? गुरुजींनी मुद्दाम उडी मारली. आपल्या पोरांना पाण्यात घ्यावं म्हणून स्वतःचा जीव पणाला लावला. कमलचे वडील घरी येऊन पाया पडले. मी त्यांना उठवलं, पण खरं सांगितलं नाही. खरं तुलाच सांगतोय. पाय घसरला, इस्माईल. नुसता पाय घसरला.

पाणी नाकात गेलं, कानात गेलं. मी ओरडायला तोंड उघडलं तर तिथंही गेलं. आणि वरून पहिला धप्प आवाज आला. गुडघे पोटाशी धरून मारलेला मुटका. कमल. तूच पहिली, म्हणाला होतास ना? तीच पहिली. तिच्यामागं तिचा भाऊ, मग बाळ्या, मग मोजता येईनात इतके. बाळ्यासारखी दोनचार सोडली तर पोहता कुणालाच धड येत नव्हतं. भुशाच्या पोत्यावर शिकलेली पोरं ती, पाण्यात तोंडं वाकडी करून हातपाय झाडत होती, आणि कडू भोपळे त्यांना तारत होते. तुझ्या वजूच्या पाण्यावर वाढलेले. मी एका भोपळ्याला मिठी मारली. त्याखाली कमल होती. ती माझ्या कानाशी ओरडत होती, "गुरुजी, हात मारा! पाय मारा! मान वर!" अगदी तुझ्या आवाजात. फक्त 'गधड्या' तेवढं गाळलं तिनं. सभ्य आहे पोर.

पुढचं तुला सांगून टाकतो, म्हणजे तू वाट बघायला नको. मारुतीची घागर सध्या दुसऱ्या विहिरीची जाते. आप्पांनी या विहिरीत गोमूत्र टाकून घेतलं. बाळ्याला चोप बसला, तरी तो शाळेत कमलशेजारी बसतो, निदान या आठवड्यात तरी. न्हावी मला बघितलं की वस्तऱ्याला धार लावत बसतो आणि ती धार काही लागून होत नाही, म्हणून दाढी वाढली आहे. माझ्या बदलीसाठी कुणीतरी वर अर्ज केलाय म्हणतात. झाली तर निरोपाचं भाषण कोण करणार, एवढीच मला काळजी. कमलच्या घरच्यांना अजून कुणी काही केलेलं नाही. 'अजून' हा शब्द मी लिहिला आणि त्याच्याकडं बघत बसलो.

येत्या रविवारी पोरं पुन्हा येणार आहेत. आप्पाही येणार आहेत, आणि या खेपेला नुसती दहाबारा माणसं घेऊन येणार नाहीत. मी जाणार आहे का? विचारू नकोस. मी ओसरीवर पाय घसरवायचा सराव करतोय. कोरडा. बायको म्हणते, मुद्दाम घसरणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला.

पण त्या रविवारचं शेवटचं तुला सांगायचं राहिलं. पोरांनी मला पायरीवर ओढलं. मी पालथा पडून पाणी ओकत होतो, धोतर गेलेलं, टोपी विहिरीच्या मधोमध तरंगत होती. पोरं वरची कुठली, खालची कुठली, सगळी माझ्याभोवती निथळत उभी. आप्पा काठावरून वाकले. आधी माझ्याकडं बघितलं, मग पाण्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मागच्या माणसांना म्हणाले, "गुरुजी बुडाला असता तर परवडलं असतं. इहीर तरी वाचली असती."